उत्तर नको, ओळ दाखवा

राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर सुटला की केंद्राच्या फाटकाबाहेरच हुज्जत सुरू होते. "त्या जंगलाच्या उताऱ्याचं तिसरं काय केलंस?" "दोन." "मी चार केलंय." "अरे, दोनच आहे. आपल्या अभ्यासिकेतल्या सगळ्यांचं दोन आहे." चार करणाऱ्याचा चेहरा उतरतो. तो खोलीवर पोचेपर्यंत टेलिग्रामवर त्याच प्रश्नावर मतदानही लागलेलं असतं.

सामान्य अध्ययनाच्या पेपरवरचे वाद पुस्तक उघडून मिटतात. एखादा कायदा कोणत्या वर्षी झाला हे मतदानाने ठरवावं लागत नाही. उताऱ्यांचं तसं नाही. तिथे वाद मिटवायला बाहेरचं पुस्तक नसतं. जे काही आहे ते समोरच्या वीस-पंचवीस ओळींत असतं. आणि वाद घालणाऱ्या पाचांपैकी चौघांनी त्या ओळी पेपर सुटल्यापासून पुन्हा उघडून पाहिलेल्याच नसतात.

पेपर झाल्यावर उत्तरं जुळवू नका, असा उपदेश मी करणार नाही. एक तर तो कोणी ऐकत नाही. शिवाय नीट जुळवली तर आकलनाची सगळ्यात चांगली शिकवणी त्यातूनच होते. पण नीट जुळवणं म्हणजे काय, हे कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत.

आधी वेळेचं बोलू. राज्यसेवा पूर्वपरीक्षेचे दोन्ही पेपर एकाच दिवशी असतात. मधल्या सुट्टीत सकाळच्या पेपरची उत्तरं जुळवणं म्हणजे दुपारच्या उताऱ्यांवर स्वतःच्या हाताने पाणी सोडणं. वाचनाला लागते ती शांतता, आणि 'पंचायत राजचा प्रश्न चुकला' ही बोच तीच नेमकी खाऊन टाकते. डबा खा, फाटकापासून लांब बसा, कानात बोळे घालायची वेळ आली तरी चालेल. कॅटसारखी व्यवस्थापनाची प्रवेशपरीक्षा एका दिवसात तीन सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचे उतारे वेगळे असतात. शेवटचं सत्र संपेपर्यंत प्रश्नांची वाच्यता करायची नसते. आणि संपल्यावरही सकाळच्या सत्रातल्या मित्राशी दुपारच्या सत्राची तुलना करून हाती काही लागत नाही.

दुसरी गोष्ट कागदांची. आपण कोणता पर्याय रंगवला याची आठवण फार बेभरवशाची असते. चर्चेत जे उत्तर बरोबर ठरतं तेच आपण केलं होतं, असं मनापासून वाटू लागतं. यात लबाडी नसते, मनाचा स्वभावच तसा आहे. म्हणून उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत किंवा ऑनलाइन परीक्षेची रिस्पॉन्स शीट समोर असल्याशिवाय चर्चेला बसू नका. प्रश्नपुस्तिकेचा संच कोणता, ए, बी, सी की डी, हे आधी जुळवून घ्या. 'बेचाळिसावा काय केला?' या प्रश्नाला वेगवेगळ्या संचांत काही अर्थ नसतो. मी असे वाद पाहिलेत की अर्धा तास भांडून झाल्यावर कळतं, दोघे दोन वेगळ्याच प्रश्नांबद्दल बोलत होते. आणखी एक बघायचं असतं. बहुतेक उतारे मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापलेले असतात. भाषेचं आकलन तपासणारे काही उतारे मात्र एकाच भाषेत असतात. मित्राने इंग्रजी वाचलं आणि तुम्ही मराठी, तर तुमचा वाद कदाचित उताऱ्याचा नसून दोन भाषांतल्या मजकुरांतल्या फरकाचा असेल. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. तसा फरक खरोखर सापडला, तर त्याची नोंद करून ठेवा, पुढे हरकतीसाठी उपयोगी पडेल.

आता मुख्य कामाकडे येऊ. गटात बसण्याआधी एकट्याने एकदा सगळे उतारे पुन्हा सोडवा. घड्याळ लावायचं नाही, आधीची उत्तरं बघायची नाहीत. प्रत्येक उत्तर ज्या वाक्यावरून दिलं त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढायची. ज्या प्रश्नाला रेघ ओढता येत नाही, तिथे प्रश्नचिन्ह काढायचं. ही तयारी तासा-दीड तासाची आहे आणि ती न करता चर्चेला बसलेला माणूस फक्त मोठ्या आवाजाला बळी पडतो.

गट तीन-चार जणांचा पुरे. नियम एकच ठेवा: पर्यायाचा आकडा सांगायचा नाही, ओळ सांगायची. 'माझं दोन' असं म्हटलं की दुसरा लगेच आपली बाजू धरून बसतो. 'दुसऱ्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य वाच' असं म्हटलं की दोघांचे डोळे कागदावर जातात. उदाहरणासाठी मी इथे एक छोटा उतारा रचतो.

'कोकणात पाऊस भरपूर पडतो, तरीही उन्हाळ्यात अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. डोंगरांचा तीव्र उतार आणि सच्छिद्र जांभा यांमुळे पडलेलं पाणी फार काळ थांबत नाही. अशा प्रदेशात केवळ नवी धरणं बांधून टंचाई संपेल असं मानणं धाडसाचं ठरेल.'

प्रश्न: लेखकाचं मत खालीलपैकी कोणतं? पर्याय पहिला, कोकणात नवी धरणं बांधू नयेत. दुसरा, टंचाई दूर करायला धरणं हा एकटा उपाय पुरेसा नाही. तिसरा, कोकणातला पाऊस कमी होत चालला आहे. चौथा, वृक्षतोडीमुळे कोकणातले झरे आटले आहेत.

तिसऱ्यावर फारसं कोणी अडत नाही, पहिलंच वाक्य भरपूर पावसाचं आहे, तो कमी होत असल्याची ओळ कुठेच नाही. भांडण लागतं पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्यावर. पहिला निवडणारा म्हणतो, "लेखक धरणांच्या विरोधातच बोलतोय ना?" त्याला म्हणायचं, ओळ दाखव. तो शेवटचं वाक्य दाखवतो आणि दाखवता दाखवताच 'केवळ' या शब्दावर अडखळतो. लेखकाने धरणं बांधू नका असं म्हटलेलं नाही. तेवढ्याने भागणार नाही, इतकंच म्हटलंय. चौथा निवडणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने कुठे तरी वृक्षतोड आणि झरे यांबद्दल वाचलेलं असतं, चिपळूण-संगमेश्वरकडचा असेल तर डोळ्यांनी पाहिलेलंही असतं. त्याचं म्हणणं खरं असू शकतं. पण त्याला उताऱ्यात ओळ सापडत नाही. पाणी का थांबत नाही याची दोन कारणं लेखकाने दिली आहेत, उतार आणि जांभा. झाडांचा उल्लेखही नाही.

मला विचाराल तर आकलनातल्या बहुतेक चुका या दोन जातींच्या असतात: लेखक जेवढं म्हणतो त्याच्यापुढे पाऊलभर जाणारी आणि लेखक म्हणतच नाही ते स्वतःच्या ज्ञानातून आणणारी. गंमत अशी की दुसरी चूक हुशार, भरपूर वाचलेल्या मुलांकडून जास्त होते. शेतीच्या उताऱ्यावर कृषी पदवीधर चुकतो, बँकिंगच्या उताऱ्यावर बी.कॉम. झालेली मुलगी चुकते. तिसरी जात आहे ती निव्वळ घाईची. प्रश्नात 'कोणतं विधान अयोग्य आहे' असं विचारलेलं असतं आणि आपण योग्य विधान शोधून आनंदाने रंगवून येतो. त्यावर चर्चा करण्यासारखं काही नाही. प्रश्नातल्या 'नाही', 'अयोग्य', 'वगळता' अशा शब्दांभोवती गोल काढायची सवय लावा आणि पुढे चला.

चर्चेत एक उलटी कसरतही करून पाहा. आपला पर्याय बरोबर का, हे सांगण्याऐवजी उरलेले तीन चूक का, हे सांगायचं. दोन पर्याय जवळजवळ सारखे वाटतात तेव्हा हीच रीत कामाला येते. 'सर्व', 'नेहमी', 'एकमेव', 'कधीच' असे टोकाचे शब्द असलेला पर्याय दिसला की उताऱ्यात तितकंच टोकाचं विधान आहे का, ते तपासायचं. काही वर्गांत असे शब्द दिसले की पर्याय सरळ खोडायला सांगतात. तो सल्ला मला पटत नाही. लेखक स्वतःच टोकाचं बोलला असेल, तर टोकाचाच पर्याय बरोबर असतो.

आणि बहुमत? वर्गातल्या वीसजणांनी दोन केलं म्हणून दोन बरोबर होत नाही. चांगल्या प्रश्नात एक पर्याय मुद्दाम असा ठेवलेला असतो की घाईत वाचणाऱ्याने तोच उचलावा. वीसजण त्यात अडकले असतील, तर बहुमत सापळ्याच्या बाजूचं झालं. परीक्षेच्या रात्रीच निरनिराळ्या क्लासेसच्या उत्तरतालिका फिरू लागतात, त्याही आकलनाच्या प्रश्नांवर एकमेकींशी जुळत नाहीत. त्यांत उत्तर बघू नका, स्पष्टीकरण बघा. ओळ दिलेली असेल तर वाचा, नसेल तर सोडून द्या.

कधी कधी मात्र घोळ खरोखर प्रश्नातच असतो. 2012 मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात आठवीच्या इंग्रजीच्या चाचणीत एक उतारा आला. एक बोलणारं अननस सशाला शर्यतीचं आव्हान देतं. बाकीच्या प्राण्यांना वाटतं, अननसाने काही तरी युक्ती योजलेली असणार. शर्यत सुरू होते, अननस जागचं हलत नाही, ससा जिंकतो आणि प्राणी अननस खाऊन टाकतात. खाली प्रश्न: प्राण्यांनी अननस का खाल्लं? सगळ्यांत शहाणा प्राणी कोणता? पेपरनंतर मुलांनी आपसांत उत्तरं जुळवायला घेतली, आणि कोणाकडेच दाखवायला ओळ नव्हती. गोष्ट वर्तमानपत्रांपर्यंत गेली आणि राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी ते प्रश्न गुणांत धरले जाणार नाहीत असं जाहीर केलं. मूळ कथा डॅनिएल पिंकवॉटर यांच्या 'बोर्गेल' या कादंबरीतली. तिच्यात अननसाच्या जागी वांगं होतं. चाचणीसाठी मजकूर बदलला गेला होता आणि त्या प्रश्नांना काही अर्थ नाही असं खुद्द लेखकाचंच म्हणणं पडलं.

यातून तुमच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक, तेरा वर्षांच्या मुलांनाही 'प्रश्न चुकीचा आहे' हे ओळखता येतं, जर ती आकडे न जुळवता कारणं जुळवत असतील तर. दुसरी, परीक्षेतला उतारा मूळ लेखापेक्षा वेगळा असू शकतो. कॅटचे उतारे छापून आलेल्या लेखांतून, पुस्तकांतून घेतलेले असतात. पेपर झाला की काही उत्साही मंडळी मूळ लेख शोधून काढतात आणि 'लेखकाने पुढे असं लिहिलंय' म्हणून वाद जिंकायला बघतात. मूळ लेख जरूर वाचा, वाचन वाढेल. पण उत्तर ठरवायला तो ग्राह्य नाही. कापून, जोडून, सोपा करून तुमच्यासमोर जो मजकूर ठेवला, न्याय त्यावरच.

'लेखकाचा हेतू काय' या प्रश्नांवर तर मूळ लेखकही तरत नाही. अमेरिकन कवयित्री सारा हॉलब्रुक यांच्या दोन कविता टेक्सास राज्याच्या चाचण्यांत वापरल्या होत्या. 2017 मध्ये त्यांनी जाहीर लिहिलं की स्वतःच्याच कवितांवरच्या काही प्रश्नांची उत्तरं त्यांना देता आली नाहीत. एक प्रश्न कवितेची कडवी का पाडली, असा होता. खरं कारण एवढंच होतं की ती कविता म्हणताना त्या तिथे थांबतात. तेव्हा परीक्षेत 'लेखकाचा हेतू' असं छापलेलं असलं, तरी विचारलेलं असतं ते इतकंच की या मजकुरातून कोणता हेतू दिसतो. लेखकाच्या मनात शिरायला जाऊ नका. अशा प्रश्नांवर मित्राशी दोन मिनिटांत एकमत झालं नाही तर प्रश्नचिन्ह काढून पुढे जा.

आता गुणांचा हिशेब. राज्यसेवेच्या या दुसऱ्या पेपरात 80 प्रश्न, 200 गुण, म्हणजे प्रश्नाला अडीच. चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण कापले जातात, निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना मात्र उणे गुण नाहीत. पेपर आता केवळ पात्रतेचा आहे, 33 टक्के म्हणजे 66 गुण पुरतात. बहुतेकजण हिशेब करताना वादातले प्रश्न मूडप्रमाणे धरतात: आनंदात असले की सगळे बरोबर, खचलेले असले की सगळे चूक. त्याऐवजी तीन ढीग करा. ओळ सापडलेले बरोबर, ओळ सापडून चूक ठरलेले, आणि वादातले. समजा तुम्ही 62 प्रश्न सोडवले आणि सोय म्हणून सगळ्यांना उणे गुण धरले. 30 नक्की बरोबर, 20 नक्की चूक, 12 वादातले. वादातले सगळे चुकले तर 55 गुण, सगळे बरोबर आले तर साडेब्याण्णव. प्रत्येक वादातल्या प्रश्नाने सव्वातीन गुणांच्या आसपास फरक पडतो. बारापैकी चार बरोबर ठरले तरी साडेसदुसष्ट होतात. हे कागदावर मांडलं की रात्रभर बारा प्रश्नांवर डोकं पिकवायची गरज उरत नाही. दुसऱ्या दिवशी मुख्य परीक्षेचं पुस्तक उघडता येतं. ती आता वर्णनात्मक झाली आहे आणि तिला लागणारा वेळ टेलिग्रामवर परत मिळत नाही.

लोकसेवा आयोगाची पहिली उत्तरतालिका आली की हरकतींची मुदत सुरू होते. ती थोड्या दिवसांची असते, हरकत ऑनलाइन नोंदवावी लागते आणि प्रश्नागणिक शुल्क पडतं. म्हणून 'आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांचं उत्तर वेगळं आहे' अशी हरकत घेऊन पैसे वाया घालवू नका. आकलनाच्या हरकतीत चारच गोष्टी असाव्यात: संच आणि प्रश्नक्रमांक, उताऱ्यातलं नेमकं वाक्य, तालिकेतलं उत्तर त्या वाक्याशी कुठे विसंगत आहे, आणि तुमचं उत्तर त्याच वाक्यातून कसं निघतं. शब्दार्थाचा प्रश्न असेल तर शब्दकोशातल्या नोंदीची प्रत जोडा, पण त्या वाक्यात तो शब्द कोणत्या अर्थाने आला आहे हे लिहायला विसरू नका. आपल्यावर झालेला अन्याय, घरची परिस्थिती, आयोगाची जबाबदारी यांतलं काहीही तिथे लिहायचं नाही. वाचणाऱ्या तज्ज्ञाला वाक्य हवं असतं.

हरकत फेटाळली गेली तर कोर्टात जाऊ, असं काहीजण म्हणतात. त्यांच्यासाठी दोन निकाल माहीत असणं बरं. 'कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता' या 1983 च्या खटल्यात सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या निकालाने ठरलं की उत्तरतालिका बरोबर आहे असंच धरायचं, आणि ती चूक ठरवायची तर चूक उघडपणे दाखवता आली पाहिजे, तर्काच्या लांब साखळीने नव्हे. त्या खटल्यातले विद्यार्थी जिंकले, कारण वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतल्या त्या प्रश्नांची उत्तरं पाठ्यपुस्तकांत छापलेली होती. पुढे 2017 मध्ये 'रणविजय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंका उरली तर तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला मिळेल, उमेदवाराला नाही. उताऱ्याच्या प्रश्नाला पाठ्यपुस्तकाचा आधार नसतो, त्याचं उत्तर अनुमानानेच निघतं. त्यामुळे अशा प्रश्नावर कोर्टात टिकणं फार अवघड. तुमची खरी संधी हरकतीच्या त्या थोड्या दिवसांतच आहे.

शेवटी पालकांशी दोन शब्द, कारण उत्तरं जुळवण्याचा रोग घरातूनच लागतो. शिष्यवृत्ती परीक्षेला बसलेलं पोर पहिला पेपर देऊन बाहेर येतं, आणि आई-बाबा पाण्याच्या बाटलीआधी प्रश्नपत्रिका हातात घेतात. दुसरा पेपर अजून व्हायचा असतो! तो होईपर्यंत प्रश्नपत्रिका पिशवीत राहू द्या. संध्याकाळी विचारायचंच असेल, तर 'कोणतं उत्तर लिहिलंस' असं न विचारता 'त्या उताऱ्यात काय होतं, सांग बरं' असं विचारा. मूल उतारा आपल्या शब्दांत सांगू शकलं तर आकलन चांगलं आहे, मग पाचपैकी एखादा प्रश्न चुकला असला तरी. सांगता आलं नाही आणि उत्तरं मात्र सगळी बरोबर असली, तर काळजी करा. वरच्या वर्गाच्या शिष्यवृत्तीला बसलेल्या मुलांच्या पालकांनी आणखी एक बघावं. त्या पेपरात काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय असू शकतात आणि मग दोन्ही रंगवावे लागतात. तिथे 'माझं दोन, तुझं चार' म्हणत भांडणारी दोन्ही मुलं अर्धी बरोबर आणि गुणांच्या दृष्टीने दोन्ही चूक असू शकतात.

झालेल्या पेपरचे गुण आता कोणाच्याही चर्चेने वाढणार नाहीत. वाढतील ते पुढच्या पेपरचे, म्हणून ज्या प्रश्नांना रेघ ओढता आली नाही त्यांची एक वही आजच करा आणि पुढच्या सराव चाचणीच्या आदल्या रात्री तेवढीच वही वाचा.